लुगडे, खण आणि सुई : धारवाड ते इलकल

बेळगाव-निपाणीकडच्या कोणत्याही जुन्या मराठी घरातले लुगड्यांचे कपाट उघडले, तर त्यात तीन वस्तू बहुधा सापडतातच. एक, लाल टोपपदराचे इरकली लुगडे. दुसरी, त्रिकोणी घड्या घातलेल्या खणांची चळत. आणि तिसरी, आजीच्या वा पणजीच्या हातची कशिदा काढलेली एखादी काळी चंद्रकळा. यांपैकी खणाचे नशीब तर मोठे गमतीचे. आपल्या ओटीत पडलेला खण आपण दुसरीच्या ओटीत घालतो, ती तिसरीच्या. असा तो गावभर मानाने फिरतो आणि क्वचितच कुणाच्या अंगावर चढतो. ही तिन्ही वस्त्रे आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या आहेत. आपण त्यांना आपली मानतो आणि ती आपली आहेतच. परंतु ती येतात कोठून, कोणाच्या हातून उतरतात, हे प्रत्यक्ष पाहिलेली माणसे आपल्यांत थोडीच असतील. वास्तविक लुगड्याचे इलकल, खणाचे गुळेदगुड्ड आणि कशिद्याचे धारवाड ही तिन्ही गावे बेळगावपासून एकेका दिवसाच्या प्रवासाच्या अंतरात आहेत. गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही उभयतांनी हा प्रवास केला. त्याची ही हकीकत.

प्रवासाला निमित्त झाला तो आमच्या सौभाग्यवतींचा एक संकल्प. कन्येचा विवाह वैशाखात ठरला आणि ठरल्या दिवसापासून घरात खरेदीच्या याद्या सुरू झाल्या. एका संध्याकाळी सौ.ने आपल्या यादीवर आडवी रेघ ओढली आणि जाहीर केले, “अहो, माझे कपडे मी विकत घेणार नाही. लग्नात मी जे नेसेन, जे घालीन आणि मुलीला पांघरायला जे देईन, त्याला माझा हात लागलेला असेल.” यादी नव्याने लिहिली गेली : कशिदा काढलेली दोन इरकली लुगडी, हाताने शिवलेल्या खणाच्या चार चोळ्या, एक लोकरी शाल आणि पहाटेच्या गारठ्यात घालायला एक बिनबाह्यांचा स्वेटर. हाती महिने होते सहा.

सौ.ला विणकामाची आवड माहेरपासून. बेळगावची थंडी आणि पावसाळी गारवा पाहता ती आवड आमच्या फार उपयोगी पडली, हे मी कृतज्ञतेने नमूद करतो. मात्र लग्नानंतर माझ्यासाठी तिने विणलेला पहिला स्वेटर इतका ऐसपैस उतरला होता, की त्यात मी आणि आमच्या शाळेचा शिपाई असे दोघेही सुखाने मावलो असतो. कारण साधे होते. प्रत्येकाच्या हाताची ओढ निराळी असते, कुणाची वीण घट्ट तर कुणाची सैल. म्हणून आधी चार इंचांचा चौकोनी तुकडा विणून, धुऊन, वाळवून त्यातले टाके मोजावे लागतात आणि मग छातीच्या मापाला किती टाके घालायचे याचा हिशेब करावा लागतो. तो तुकडा तिने विणला नव्हता. पुढे तो स्वेटर उसवला गेला आणि त्याच लोकरीतून माझा मापाचा स्वेटर, मुलीचे टोपरे आणि पायमोजे असा सगळा संसार निघाला. लोकरीचे हे एक मोठेपण आहे, की चुकले तर ती उसवू देते. एकदा कातर लागलेल्या कापडापाशी ती क्षमा नाही. म्हणूनच चोळीच्या बाबतीत सौ.ने सावधपणा दाखवला. खणाला हात लावण्यापूर्वी तिने मांजरपाटाच्या तीन चोळ्या बेतल्या आणि शिवल्या. पहिलीत हात वर होईना, दुसरीत खाली येईना. तिसरीत काखेतला लहानसा चौकोनी तुकडा नीट बसला, तेव्हा कोठे हात मोकळा फिरू लागला. हा बोटभर तुकडा नसेल तर सगळी चोळी व्यर्थ, हे मला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी समजले.

कशिद्याची गोष्ट निराळी. सौ.च्या आईने एक वीतभर रुंदीची पट्टी भरून ठेवलेली होती. तिच्यावर गोपुर, तुळशीवृंदावन, अंबारीचा हत्ती, शंख, पालखी असे नमुने ओळीने काढलेले आहेत. सासूबाईंना ही कला शेजारच्या कन्नड बाईंनी शिकवली. त्यामुळे घरात मराठीखेरीज दुसरे न बोलणाऱ्या सासूबाई सुई हातात घेतली की ‘ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु’ असे धागे मोजीत. सौ.ही तशीच मोजते. मराठीत मोजले तर म्हणे चुकते! सीमाभागात भाषेवरून जे काही होते ते सर्वांस ठाऊक आहे. पण आमच्या घरात ही एवढी एक कन्नड अंकलिपी सुईच्या नेढ्यातून निमूट आत आली आणि कायमची राहिली. मात्र पट्टीवरचे दोन-तीन नमुने कसे काढायचे हे सांगणारे आता घरात कोणी उरले नव्हते. म्हणून पहिला मुक्काम धारवाडला.

धारवाड हे मराठी वाचकाला परके गाव नव्हे. घरी मराठी बोलणारे दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे येथेच कन्नडचे महाकवी झाले आणि १९७३ च्या ज्ञानपीठ पुरस्काराचे मानकरी ठरले. आमचे जी. ए. कुलकर्णी आयुष्याचा मोठा काळ येथे इंग्रजी शिकवीत राहिले आणि मराठी कथेला त्यांनी येथूनच नवे वळण दिले. गावाची हवा अशी, की येथे कोणाच्या ओसरीवर दोन भाषांतून बोलणे चालले असले तरी ऐकणाऱ्याला त्याचे काही वाटत नाही. आम्ही ज्या बाईंकडे गेलो त्यांच्या ओसरीवरही तसेच चालले होते. चार-पाच जणी खाली बसून काम करीत होत्या आणि मध्ये दोऱ्यांच्या लडी पसरल्या होत्या. पलीकडे रेडिओ चालू होता.

कशिद्याला कन्नडमध्ये ‘कसुती’ म्हणतात. ‘कै’ म्हणजे हात आणि ‘सुती’ म्हणजे सूत, अशी त्या शब्दाची फोड सांगतात. हिचे टाके मुख्यतः चार. ‘गवंती’ म्हणजे दुहेरी धावदोरा : जाताना एक घर सोडून एक टाका घालत जायचे आणि परतताना सोडलेली घरे भरीत यायचे, म्हणजे रेघ अखंड होते आणि उलट-सुलट दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. ‘मुरगी’ हा जिन्याच्या पायऱ्यांसारखा चढत-उतरत जाणारा टाका. त्याच्याही दोन्ही बाजू सारख्या. ‘नेगी’ म्हणजे विणल्यासारखा दिसणारा लांब-आखूड धावदोरा. आणि ‘मेंथी’ म्हणजे मेथीच्या दाण्यांसारखी दिसणारी फुली. कापडावर आधी नक्षी छापायची नाही, पेन्सिलीने काढायची नाही. कापडाचे उभे-आडवे धागे मोजायचे आणि त्या मोजणीवर गोपुर उभे करायचे. दोऱ्याला गाठ म्हणून मारायची नाही; सुरुवातीचे आणि शेवटचे टोक टाक्यांच्या पोटातच लपवायचे. इरकलीचे पोत दाट असल्यामुळे त्यावरचे धागे मोजणे डोळ्यांना जड जाते. म्हणून अलीकडे वर जाळीचे कापड टाचून त्यावरून भरतात आणि काम पुरे झाल्यावर जाळीचे धागे एकेक करून ओढून काढतात. सौ.ने दोन दिवस बसून पट्टीवरचे अडलेले नमुने सोडवून घेतले. त्यातली गोम त्या बाईंनी एका वाक्यात सांगितली. गवंतीत नक्षीच्या फांद्या कोणत्या क्रमाने जाताना घ्यायच्या आणि कोणत्या परतताना, हे आधी मनात ठरले पाहिजे. नाहीतर सुई परतीच्या वाटेवर अडकते आणि एकतरी घर रिकामे राहते.

याच ओसरीवर दुसऱ्या दिवशी एक प्रसंग घडला. सौ. मोठ्या उत्साहाने सांगत होती, की एकदा हात बसला की मी माझ्या बहिणींना, नणंदांना, सगळ्यांना एकेक लुगडे भरून देणार आहे. कोपऱ्यातल्या एक प्रौढ बाई सुईवरची नजर न काढता म्हणाल्या, “अक्का, तुम्ही हौसेने करता, चांगले आहे. पण तुम्ही फुकट देता आणि मग लोक आम्हाला विचारतात, याला एवढे पैसे कशाचे? दोऱ्याचे कितीसे होतात?” त्यांच्या स्वरात राग नव्हता, भाजीचा भाव सांगावा तशा त्या बोलल्या. ओसरीवर कोणीच काही बोलले नाही. थोड्या वेळाने चहा आला आणि विषय पालटला. परंतु त्या दिवशी उतरण्याच्या जागी परतताना सौ. गप्पच होती. धारवाडचे पेढे घ्यायचे राहिले तेही तिच्या लक्षात आले नाही, यावरून तिच्या मनात काय चालले असेल ते वाचकांनी ओळखावे.

धारवाडहून हुबळी, नवलगुंद, नरगुंद अशी बदामीकडची वाट आहे. हुबळी सुटली की दोन्ही बाजूंना काळ्याभोर जमिनीचा सपाट मुलूख लागतो. दिवाळीच्या दिवसांत तिच्यावर कापूस आणि ज्वारी उभी असते. नरगुंदचा डोंगर लांबूनच दिसू लागतो. याच संस्थानाचे अधिपती भास्करराव भावे यांनी १८५८ साली इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले आणि त्याच वर्षी जूनमध्ये त्यांना आमच्या बेळगावात फाशी देण्यात आले. पुढे बदामीला मुक्काम केला. तेथील तिसऱ्या लेण्यातील शिलालेख शके ५०० चा, म्हणजे इ. स. ५७८ चा आहे. चालुक्यांच्या त्या तांबड्या कड्याखाली उभे राहिले, की मनुष्याच्या हाताने चिकाटी धरली म्हणजे काय होते ते सांगावे लागत नाही. पण बदामीवर पुष्कळांनी लिहिले आहे. आपण पुढे जाऊ.

बदामीपासून थोड्या अंतरावर डोंगरांच्या कुशीत गुळेदगुड्ड आहे. कन्नडमध्ये ‘गुड्ड’ म्हणजे डोंगर. गावात शिरताना आधी दिसत काही नाही, ऐकू मात्र येते : धोट्याची खटखट. घराच्या पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा, त्या खड्ड्यात पाय सोडून विणकर बसलेला आणि त्याच्यापुढे माग, असा हा खड्डामाग. पायाने पावट्या दाबायच्या, एका हाताने दोरी ओढून धोटा पळवायचा आणि दुसऱ्या हाताने फणी ठोकायची. खणाचा ताणा रेशमाचा किंवा नकली रेशमाचा आणि बाणा सुताचा असतो. नक्षी भरतकामाची नव्हे; जादा उभे धागे घेऊन ती विणकामातच उठवतात. बारीक बारीक आकृत्यांनी सगळे अंग भरलेले आणि दोन्ही अंगांना काठ. आकृत्यांना नावे आहेत. कोणी तुळशीवृंदावन, कोणी रथ, कोणी हत्तीचे पाऊल. आपण आजवर त्याला नुसते ‘बुंदके’ म्हणत होतो!

येथे सौ.ची बेतण्याची विद्या कामी आली. खणाचा पन्हा कमी, लांबीही जेमतेम चोळीपुरती. त्यामुळे कातर चालवण्यापूर्वी हिशेब चोख लागतो. काठ वाया घालवायचा नाही. दोन्ही काठ बाह्यांच्या कडेला आणि पाठीच्या खाली आले पाहिजेत आणि पाठीवरचे वृंदावन उलटे होता कामा नये. विणकराच्या घरातल्या आजींनी जुनी गाठीची चोळी आणून दाखवली. ती संपूर्ण हातशिलाईची होती. आत कोठेही कापडाचा बोटभरसुद्धा अपव्यय नव्हता. तीतही काखेत तो चौकोनी तुकडा होताच. सौ.ने मांजरपाटाच्या तीन चोळ्यांवर जे शोधले, ते आजींच्या आजींना ठाऊक होते. ते पाहून ती हिरमुसली नाही, उलट हरखून गेली. अलीकडे खणाच्या साड्यांची मोठी चलती आहे, हे मुंबई-पुण्याकडच्या वाचकांना सांगायला नको. पण त्यातला पुष्कळसा माल यंत्रमागावरचा असतो. विणकराने आमच्यापुढे दोन्ही तुकडे ठेवले. यंत्रमागाचा खण गुळगुळीत, एकसारखा आणि स्वस्त. हातमागाचा काहीसा जाड, काठाशी किंचित कमी-जास्त, पण हाताला भरदार लागणारा. सौ.ने चार खण घेतले.

गुळेदगुड्डहून अमीनगड, हुनगुंद करीत इलकलला जाता येते. वाटेत अमीनगडला डिंक, गूळ आणि सुका मेवा घालून केलेला करदंट मिळतो. तो चुकवू नये. इलकल जवळ आले की रस्त्याच्या कडेला तांबड्या ग्रॅनाइटचे प्रचंड ठोकळे दिसू लागतात. हा दगड देशोदेशी जातो. पण आपल्याला गावाची ओळख आहे ती लुगड्यांमुळे. ‘इलकल’चे ‘इरकल’ करून आपण ते नाव इतके आपलेसे केले आहे, की मूळ गावाचे नाव ऐकले तर एखाद्याला ते चुकीचे वाटावे.

इरकली लुगड्याचे खरे मर्म त्याच्या पदरात आहे आणि ते विणताना पाहिल्याखेरीज ध्यानात येत नाही. अंगाचा ताणा सुताचा, एखाद्या गडद रंगाचा : डाळिंबी, मोरपंखी, पोपटी. पदराचा ताणा वेगळा, लाल, रेशमाचा किंवा नकली रेशमाचा, काठाचाही तसाच. म्हणजे एकाच लुगड्यात तीन वेगळे ताणे तयार करावे लागतात आणि अंगाच्या ताण्याचा एकेक धागा पदराच्या ताण्याच्या एकेका धाग्यात फासासारखा अडकवून जोड द्यावा लागतो. या रीतीला तेथे ‘टोपी तेनी’ म्हणतात. ‘तेने’ म्हणजे कणीस. पदरावरच्या पांढऱ्या नक्षीत ज्वारीचे कणीस आहे. तसेच ‘हणिगे’ म्हणजे फणी, ‘कोटी कम्मळी’ म्हणजे किल्ल्याचा तट, ‘रंपा’ म्हणजे डोंगरांची रांग हेही नमुने आहेत. हुबळी सुटल्यापासून आम्ही जे जे पाहत आलो, ती ज्वारी, ते डोंगर, ते गड, सारे या वीतदीडवीत लाल पट्ट्यावर उतरलेले! आणि हा जोड दर लुगड्याला नव्याने द्यावा लागतो. एकदा ताणा चढवला आणि दहा साड्या उतरवल्या, असे येथे नाही. सहा वार, आठ वार, नऊ वार, जे काय विणायचे त्या मापाने प्रत्येकाची तयारी वेगळी.

आम्ही ज्या घरी गेलो तेथे हा जोड देण्याचे काम घरधनीण करीत होती. धनी मागावर, सून कांड्या भरते आहे, एक म्हातारा सूत उकलतो आहे. एका माणसाच्या नावावर जो माग असतो, त्याच्यामागे असे सगळे घर असते. बाईंनी सौ.ला जवळ बसवून घेतले आणि दोन टोके हातात दिली. जन्मभर टाके मोजणारे ते हात. पण दहा-बारा फास जमायला पुष्कळ वेळ लागला आणि त्यातलेही दोन सुटले. घरधनीण हसू लागली, सौ.ही हसली. तेवढ्या वेळात बाईंच्या हातून किती फास झाले ते मोजण्याच्या भरीस मी पडलो नाही. मी धन्याला विचारले, मुले काय करतात? त्याने सुनेकडे नजर टाकून सांगितले, “मुलगा बेंगळूरला आहे, सर. मागावर बसत नाही. बस म्हणून मी तरी कोणत्या तोंडाने सांगू?” २०१९-२० साली देशातील हातमागांची चौथी गणना झाली. तीत ३५ लाखांहून अधिक हातमाग कामगारांची नोंद झाली. त्यांत सत्तर टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या. आणि अशा घरांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश घरांचे मासिक उत्पन्न ५,००० रुपयांच्या आत होते. १९८५ साली संसदेने काही वस्त्रप्रकार हातमागासाठी राखून ठेवणारा कायदा केला, त्यात साडीही आहे. २०१५ पासून ७ ऑगस्ट हा राष्ट्रीय हातमाग दिन म्हणून पाळला जातो. इलकलच्या लुगड्याला भौगोलिक उपदर्शनाचे संरक्षणही मिळाले आहे. हे सर्व चांगलेच आहे. पण त्या घरधन्याच्या प्रश्नाला यांपैकी कशातच उत्तर नाही.

लुगडे निवडून झाले. मोरपंखी अंग, लाल पदर. भाव सांगितला गेला. बेळगावच्या गणपत गल्लीत सौ.ने दुकानदारांना कसे जेरीस आणलेले आहे ते मी तीस वर्षे पाहत आलो आहे. त्यामुळे मी सवयीने भिंतीला टेकून बसलो, की आता अर्धा तास तरी जाणार. सौ.ने पिशवीतून पैसे काढले, मोजले आणि सांगितला होता तो भाव देऊन टाकला. यादीत दोन लुगडी होती, घेतले एकच. बाहेर आल्यावर मी कारण विचारले. ती म्हणाली, “दुसऱ्यासाठी यातून पैसे कापून घ्यावे लागले असते.”

परत बेळगावात शिरताना आम्ही मुद्दाम शहापुरावरून आलो. एके काळी सांगली संस्थानात असलेल्या या पेठेच्या साड्यांचा केवढा लौकिक होता! आज शहापूर-वडगावच्या गल्ल्यांतून ऐकू येते ती यंत्रमागांची धडधड. त्यावर पोट भरणारी हजारो माणसे आपलीच आहेत. त्यांना नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. एवढेच, की शेजारच्या गल्लीत काय होते आणि काय झाले, हे पाहायला आम्हाला इलकलपर्यंत जाऊन यावे लागले.

पुढचे पाच महिने घरात सुईचे राज्य होते. सौ.ने एक वही घातली आणि तीत रोजचे तास लिहू लागली. कार्तिकात गोपुरांची ओळ झाली. मार्गशीर्षात तीन हत्ती झाल्यावर असे आढळले, की पहिल्याच हत्तीच्या पायाशी एक धागा कमी मोजला गेला आहे आणि परतीची सुई कोठेच मिळत नाही. तिन्ही हत्ती उसवले. दोन दिवस घरात कोणी मोठ्याने बोलले नाही. पौषात, संक्रांतीच्या सुमारास, ते पुन्हा उभे राहिले. दुपारी उन्हाच्या वेळी कशिदा, रात्री दिव्याखाली डोळ्यांना त्रास नको म्हणून लोकर, असा क्रम ठरला. चैत्रात हिशेब मांडला तेव्हा सहा महिन्यांच्या यादीपैकी पुरे झाले ते असे : एक लुगडे, दोन चोळ्या आणि एक शाल. स्वेटर पाठीपर्यंत येऊन थांबला होता आणि उरलेले दोन खण शिंप्याकडेही न जाता कपाटात राहिले. वहीत केवळ कशिद्याचे तास भरले १९०.

लग्नात लुगड्याचे कौतुक झाले, हे सांगायला नकोच. त्याहून सांगण्यासारखे पुढचे आहे. मांडवातच दोघी-तिघींनी, “वहिनी, आम्हालाही एक असे करून द्या ना, दोऱ्याचे पैसे आम्ही देऊ,” अशी गळ घातली. सहा महिन्यांपूर्वीची सौ. असती तर तिने आनंदाने होकार दिला असता. या वेळी तिने वही आणून दाखवली. “दोऱ्याला फार लागले नाही,” ती म्हणाली, “तास मात्र एवढे लागले. धारवाडच्या बाईंचा पत्ता देते. त्या सांगतील ती मजुरी द्या, घासाघीस करू नका.” एकीने तोंड वाकडे केले. दुसरीने पत्ता घेतला आणि श्रावणात तिचे लुगडे भरून आले. बहिणींना भरून द्यायच्या लुगड्यांचा विषय सौ.ने पुन्हा काढला नाही. मात्र गल्लीतल्या चार मुली आता रविवारी आमच्या पडवीत बसून तिच्याकडे टाके शिकतात आणि अर्थातच कन्नडमध्ये मोजतात.

कोणा वाचकाला ही वाट धरायची असल्यास दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. धारवाड, बदामी आणि इलकल अशा तीन मुक्कामांत सर्व पाहून होते. लुगडे घेताना पदर जेथे अंगाला मिळतो ती जागा उलटून पाहावी. टोपी तेनीचा जोड असेल तर तेथे फासांची बारीक रांग लागते आणि पदराचा लाल अगदी निखळ दिसतो, कारण त्याचा ताणाही लाल असतो. अंगाचाच ताणा पुढे नेऊन विणलेला पदर असला तर त्या लालीत अंगाच्या रंगाची झाक उतरते. २००६ पासून हातमागाच्या मालासाठी वेगळे हातमाग-चिन्ह मिळते. ते असल्यास पाहावे. कशिद्यात गवंतीची उलटी बाजू पाहावी. तेथे गाठी दिसल्या तर काम घाईचे समजावे.

आणि शक्य असेल तर जाण्यापूर्वी घरी एक तरी चोळी स्वतः बेतून, हाताने शिवून पाहावी; निदान एक वीतभर पट्टी कशिद्याने भरावी. ती बिघडली तरी चालेल. हौसेने शिवणाऱ्याच्या हातून विणकराचे घर चालत नाही, हे मी सौ.च्या संकल्पाच्या अनुभवावरून सांगतो. परंतु ज्याने स्वतः तास मोजले आहेत तो दुसऱ्याच्या तासांना दोऱ्याचा भाव लावीत नाही.